लाल दिव्याचा मानकरी

ऑरेस्ट हलुश्काच्या वाट्याला आयुष्यात एकच सत्ता आली, आणि तीही एका बटणाएवढी. केस्टर गावातल्या आइस हॉकीच्या रिंकवर, गोलच्या जाळीमागे, काचेपलीकडे एक पिंजरा होता. कपड्यांच्या कपाटाएवढा. पिंजऱ्यात स्टूल, स्टुलावर ऑरेस्ट आणि ऑरेस्टच्या अंगठ्याखाली ते बटण. रबरी चकती रेषेपलीकडे गेली की बटण दाबायचं. वरचा लाल दिवा पेटतो, भोंगा वाजतो, गाव उड्या मारतं. या मानाच्या पदाला 'गोल जज' म्हणतात. मोबदला एक हॉट डॉग आणि कॉफी. सव्वीस वर्षं ऑरेस्टने हा कारभार न्यायमूर्तींच्या थाटात केला होता.

खरी गोम अशी की त्या दिव्याला काडीची किंमत नव्हती. गोल द्यायचा की नाही हे बर्फावरचा रेफरी ठरवतो. आजूबाजूच्या गावांनी गोल जज केव्हाच घरी पाठवले होते. केस्टरचा पिंजरा टिकला, कारण बांधणाऱ्या सुताराने त्याला वाजवीपेक्षा जास्त खिळे ठोकले होते आणि उचकटायला कोणाला वेळ नव्हता. हे ऑरेस्टला पक्कं ठाऊक होतं. पण माणसाला सगळं खरं रोज आठवून कसं चालेल?

शिवाय त्याच्याकडे याहून मोठं एक खरं होतं, तेही तो आठवत नसे. त्याला दिसत नव्हतं.

अगदीच आंधळा नव्हता तो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि जग ताकातून बघितल्यासारखं दिसे. माणसं कळत, चेहरे अंदाजाने, चकती मुळीच नाही. बायको नादिया असती तर तिने पहिल्याच आठवड्यात कानाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. ती गेल्याला चार वर्षं झाली होती. डॉक्टरकडे आपल्या पायांनी जावं, तर डोळे जाताहेत हे गावाला कळणार. आणि गावाने कोणाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला होता? ऑरेस्टच्या. चाळीस वर्षं तो धान्याच्या कोठारावर होता. शेतकरी ट्रक घेऊन यायचे, ऑरेस्ट मूठभर गहू तळहातावर घ्यायचा, एकदा बघायचा आणि प्रत सांगायचा. हलुश्काने बघितलं म्हणजे बघितलं. आता त्याच तोंडाने 'मला दिसत नाही' कसं म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग पिंजऱ्यात बसून तो करत काय होता? खांदे बघत होता. गोलकीपर एवढा धिप्पाड, त्यात अंगावर गाद्या बांधलेला. तो ताकातूनही दिसे. आणि गोल खाल्ला की गोलकीपरचे खांदे पडतात. लहान असो, थोर असो, पडतातच. खांदे पडले की ऑरेस्ट बटण दाबी. सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून, पण 'विचारपूर्वक दाबतो' म्हणून त्याचीच वाहवा होई. दोन मोसम ही लबाडी बिनबोभाट चालली.

तिसऱ्या मोसमाआधीच्या सराव सामन्यांत ती फसली.

सप्टेंबरातला शुक्रवार होता. गावाचा संघ केस्टर बॅजर्स. निम्मी पोरं निवडीसाठी आलेली, पाठीवर चौऱ्याहत्तर, एक्याऐंशी असले आकडे, नाव कोणाचंच नाही. कापणी ऐन भरात, त्यामुळे बाकांवर मोजून साठ माणसं. दुसऱ्या डावात पाहुण्यांच्या जाळीसमोर झोंबाझोंबी झाली आणि पाहुण्या गोलकीपरचे खांदे असे पडले की ऑरेस्टने जिवाच्या आकांताने बटण दाबलं. दिवा पेटला, भोंगा वाजला, संगीत सुरू झालं. साठ माणसांनी साठ माणसांना मिठ्या मारल्या.

चकती गोलकीपरच्या पंजात होती. त्याच्या पायाचा पट्टा सुटला होता, म्हणून बिचारा वाकून बघत होता.

रेफरीने हात आडवे हलवले. संगीत मध्येच मेलं. घड्याळ सांभाळणारा व्हर्न टॉलफसन हा ऑरेस्टचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणजे पहिला शत्रू. त्याने टेबलावरूनच हाक मारली, "काय रे ऑरेस्ट, वीज फुकट मिळते का आपल्याला?"

मग आठवडाभर तेच. सोसायटीच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर व्हर्न कपात साखर टाकायचा आणि म्हणायचा, "ऑरेस्ट, आत पडली का रे? दिवा लाव, म्हणजे ढवळतो."

ऑरेस्ट सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचा. हसणाऱ्याला कोणी डोळे दाखवून घे म्हणत नाही.

संघाचा मॅनेजर डेल मात्र हसला नाही. तो ऑरेस्टला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. अजून दोन सामने बघतो. नाही जमलं तर जाळीवर कॅमेरा बसवतो. तुम्ही आरामात वर बसा, लोकांसारखे."

लोकांसारखे! ऑरेस्टला ते शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखे टोचले. सव्वीस वर्षांत तो लोकांसारखा कधी बसलाच नव्हता. त्या स्टुलावर नसलो तर आपण कोण? मेलेल्या बायकोचा म्हातारा नवरा, घरी सूप गरम करून खाणारा. ते स्टूल गेलं की गावाच्या दृष्टीने आपणही गेलोच, असं त्याच्या मनाने घेतलं.

बुधवारी दुसरा सामना शेजारच्या टॉलेन गावात होता. तिथे पिंजरा नाही, दिवा नाही. डेलने त्याच्या हातात बॅटरी दिली. गोल झाला की वर धरून पेटवायची. ओल्या, कुबट रिंकमध्ये ऑरेस्ट बॅटरी घेऊन उभा राहिला, गोठ्यात गाय व्यायची वाट बघत उभं राहावं तसा. शेवटच्या डावात त्याच्या नाकात थंडी शिरली. एक सणसणीत शिंक आली, हात वर गेला, अंगठा दाबला गेला, बॅटरी पेटली.

आणि त्याच क्षणी गोल झाला होता. इतका झटपट की चकती जाळीला लागून बाहेर आलेली, रेफरीसुद्धा गोंधळलेला. बॅटरी बघून त्याने गोल दिला आणि टॉलेनच्या प्रशिक्षकानेही मान डोलावली.

"वा रे पठ्ठ्या!" व्हर्नने पाठीवर थाप मारली. "घार आहेस, घार!"

डेल म्हणाला, "काका, नजर आहे बुवा. मी उगाच बोललो."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. ऑरेस्टने तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी हा शहाणा परतीच्या बसमध्ये बॅजर्सच्या प्रशिक्षकाच्या शेजारी बसला आणि एक्याऐंशी नंबरचा पोरगा डावीकडे फार झुकतो, असं तासभर त्याला समजावत राहिला. एक्याऐंशी नंबर कोण, हेही त्याला दिसलेलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी लारिसा जेवायला आली. त्याची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची, दिवसा शाळेत गणित शिकवणारी. चौदाव्या वर्षापासून ती शिट्टी गळ्यात घालून पोरासोरांच्या सामन्यांत रेफरी म्हणून राबत होती. गोठलेल्या रिंक, आयांच्या शिव्या, बापांच्या त्याहून मोठ्या शिव्या, सगळं पचवलेलं. मोठ्यांच्या लीगमध्ये तिला अजून कोणी उभं केलं नव्हतं.

तळलेल्या कांद्याबरोबर बटाट्याच्या करंज्या ताटात घेत ती म्हणाली, "बाबा, उद्याचा सामना मला दिलाय."

"कुठला उद्याचा?"

"आपला. बॅजर्सचा. लीगचा तपासनीस येतोय बघायला, पेल्टिएर नावाचा. उद्या चांगलं झालं तर मोसमभर सामने देणार. नाही झालं तर पुन्हा पोरंसोरं. आता तीस लागेल मला, यानंतर कोण विचारणार?"

ऑरेस्टला इतका आनंद झाला की त्याने करंजी ताटाऐवजी टेबलावर ठेवली. लारिसाने ती करंजी बघितली. मग त्याच्याकडे बघितलं.

"बाबा, खरं सांग. जाळीमागे तू असणार. मला काही अडलं तर मी तुलाच विचारणार. तुला नीट दिसतं ना?"

"मला?" ऑरेस्ट छाती काढून म्हणाला. "टॉलेनला विचार जा. घार म्हणतात घार!"

रात्रभर त्याला झोप लागली नाही. लेकीशी खोटं बोललास, गाढवा, असं तो छताला सांगत होता. छत काही बोललं नाही.

पहाटे पाऊस पडला. ओला गहू कापता येत नाही, म्हणून रविवारी दुपारी सगळी शेतं रिंकवर आली. पाचशे माणसं. वरच्या बाकावर एक अनोळखी उंच आकृती मांडीवर कागद घेऊन बसली होती. तोच पेल्टिएर असणार. बर्फावर काळे-पांढरे पट्टे फिरत होते, आणि ते पट्टे लारिसा होती. ऑरेस्टने तिला चालीवरून ओळखलं. ती चालायला शिकली तेव्हाही अशीच हनुवटी पुढे काढून चालायची.

पहिले दोन डाव त्याला दैवाने तारलं. खांदे वेळेवर पडत गेले. पण तिसऱ्या, शेवटच्या डावात पाहुण्यांनी गोलकीपर बदलला, आणि नवा पोरगा असा निघाला की देवाने त्याला खांदे दिलेलेच नव्हते. उभा राहिला तरी पडलेले, बसला तरी पडलेले, चकती अडवली तरी बाप मेल्यासारखे. ही विद्या आता चालणार नव्हती.

तीन-तीन बरोबरी. दोन मिनिटं उरली. जाळीसमोर वीस पाय, दहा काठ्या, आरडाओरडा. 'टण्' असा लोखंडाचा आवाज आला. वरच्या दांडीचा. मग सगळे एकावर एक पडले, आणि चकती बाहेर घरंगळली. बॅजर्सनी हात वर केले. पाचशे माणसं "गोल!" म्हणून ओरडली. ऑरेस्टचा अंगठा बटणावर नुसताच राहिला. दिवा लागला नाही.

शिट्टी वाजली. काळे-पांढरे पट्टे ढिगाऱ्याला वळसा घालून सरळ त्याच्याकडे आले. लारिसा काचेतल्या फटीशी वाकली. तिला धाप लागली होती. मागून बॅजर्सचा कप्तानही येऊन थांबला.

"गोल जज," ती म्हणाली, "माझ्या आड माणसं आली. तुम्ही काय बघितलंत?"

तुम्ही. जन्मापासून ती त्याला 'अरे बाबा' म्हणत आली होती.

उत्तर किती सोपं होतं! दिवा बंदच होता. नुसती मान हलवली, 'नाही' म्हटलं, की संपलं. स्टूल शाबूत, इभ्रत शाबूत. आणि 'हो' म्हटलं असतं तर गावाने खांद्यावर घेतलं असतं. पण हो काय आणि नाही काय, दोन्ही त्याच्यासाठी नाणं उडवण्यासारखंच होतं, आणि ते नाणं लेकीच्या पंधरा वर्षांवर पडणार होतं. तिने बघण्याबद्दल विचारलं होतं. त्याने काहीच बघितलं नव्हतं.

"दिसलं नाही," ऑरेस्ट म्हणाला.

"काय?"

"मला दिसलं नाही, रेफरी. दोन वर्षं झाली, चकती दिसतच नाही मला. माझ्या दिव्यावर जाऊ नका. दुसऱ्या कोणाला तरी विचारा."

कप्तान ओरडला, "आयला! म्हातारा आंधळा आहे!" ते बाकांपर्यंत गेलं, आणि बाकांवरून पार पार्किंगपर्यंत.

लारिसाचा चेहरा ऑरेस्टला दिसला नाही. पट्टे क्षणभर जागेवर थांबले, मग वळून कोपऱ्यातल्या लाइन्समनकडे गेले. तो नेमका गोलरेषेवर उभा होता. दोघं बोलले. लारिसाने हात आडवे हलवले. चकती दांडीला लागून बाहेर आली होती. गोल नाही.

म्हणजे दिवा बरोबरच होता! नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं! ऑरेस्टने कपाळावर हात मारून घेतला. एवढा सत्यवादीपणा आयुष्यात एकदाच केला, आणि तोही गरज नसताना.

शेवटच्या मिनिटात पाहुण्यांनी गोल केला. बॅजर्स चार-तीन हरले. गावाने हलुश्का घराण्यातल्या दोघांनाही सारख्याच शिव्या घातल्या. डेल पिंजऱ्याशी आला, त्याने हात पुढे केला, आणि ऑरेस्टने पिंजऱ्याची किल्ली त्यात ठेवली. व्हर्न मागे उभा होता. त्याला एक टोमणा सुचला असणार, पण बोलला नाही. त्यानेच ऑरेस्टला जास्त रडू आलं.

पार्किंगमध्ये लारिसा गाडीला टेकून उभी होती. संतापलेली.

"काल जेवताना विचारलं होतं मी. सरळ विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"काल मुलीने विचारलं होतं," ऑरेस्ट पुटपुटला. "मुलीशी बाप खोटं बोलतो गं. लाज वाटते त्याला. आज रेफरीने विचारलं."

तिने हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे. या डोळ्यांनी गाडी चालवत होतास दोन वर्षं? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?"

एका दिवसात दुसरी किल्ली गेली. ऑरेस्ट निमूटपणे बाजूच्या सीटवर जाऊन बसला. रस्त्याला लागल्यावर त्याने घाबरत घाबरत विचारलं, "तो पेल्टिएर काय म्हणाला?"

"विचारलं, त्या पिंजऱ्यात कोण होतं. म्हटलं, माझे वडील."

"अरे देवा! मग?"

"म्हणाला, तीस वर्षं या खेळात आहे. अडल्यावर ज्याला विचारावं तो म्हणतो 'दिसलं'. 'दिसलं नाही' म्हणणारा माणूस पहिल्यांदाच बघितला." तिने गिअर बदलला. "माझा पहिला सामना पुढच्या शुक्रवारी आहे. तू येऊ नकोस, तुझा डॉक्टर आहे त्या दिवशी. उद्या सकाळीच फोन करून नंबर लावते."

ऑरेस्टने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाहेर ओल्या गव्हाचं नुसतं पिवळं धुकं होतं, आणि डोळे भरल्यामुळे तेही धड दिसत नव्हतं.

हायवेच्या तिठ्यावर लारिसाने ब्रेक लावला. डावीकडे बघत ती सवयीने म्हणाली, "बाबा, तुझ्या बाजूने काही येतंय का बघ."

ऑरेस्टने उजवीकडे मान वळवली. 'काही नाही, जा बिनधास्त' हे शब्द दोन वर्षांच्या सवयीने जिभेवर येऊन बसले होते. त्याने ते गिळले.

"दिसत नाही गं," तो म्हणाला. "तूच बघ."

लारिसाने त्याच्या पुढ्यातून वाकून उजवीकडे नीट पाहिलं. धान्याने भरलेला एक ट्रक धडाडत समोरून गेला. तो जाऊ दिला, आणि मग तिने गाडी काढली.