दारावरचं नाव

नवरा आंघोळीला गेला होता, म्हणून त्याचा फोन बायकोने उचलला. पलीकडून दुकानातल्या एका मुलीने गोड आवाजात विचारलं, "वॉशिंग मशिन नीट चालतंय ना? दिलेला नंबर लागत नव्हता, म्हणून आमच्याकडच्या जुन्या नंबरवर केला." खात्री करायला त्या मुलीने नवऱ्याचं नाव आडनावासकट वाचलं. पाठोपाठ पत्ता: नदीपलीकडची नवी इमारत, दुसरा मजला.

"हो, छान चालतंय," असं म्हणून बायकोने फोन ठेवला. बादलीत त्याचीच ग्रीसने माखलेली पँट भिजत होती. ती तिने तशीच राहू दिली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठेतरी कोणी अडकलं की फोन यायचा आणि हा हातातला घास टाकून पळायचा. इतकी वर्षं तिला त्याचं कौतुक वाटत आलं होतं. आता वाटायला लागलं, अडकलाय तो हाच, आणि सुटायची काही घाई दिसत नाही.

त्याला तिने एका शब्दाने विचारलं नाही. शर्ट मात्र हुंगून पाहिले. तेलाचा वास आला, तर मनाशी म्हणाली, मुद्दाम लावून येत असेल. तो जेवताना गुणगुणला, तर हे गाणं कोणाचं म्हणून ती कान लावायची. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिथे मशिनवर बसल्या बसल्या तिने त्या न पाहिलेल्या सवतीचे केस, कपडे, हसणं, सगळं बेतून टाकलं होतं. तिचे हात मऊ असणार, हे तर ठरलेलंच होतं. या नादात एका गिऱ्हाइकाचे पडदे तिने वीतभर आखूड कापले. मालक म्हणाला, "वहिनी, लक्ष कुठे आहे?" लक्ष नदीपलीकडे होतं. दुपारी डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली आणि तिथेच जाऊन उभी राहिली.

दारावर पितळी पाटी होती, आणि पाटीवर नवऱ्याचं नाव. स्वतःच्या घराला तिने कितीदा पाटी मागितली होती. "लिफ्टवाल्याला कशाला पाटी," असं म्हणून त्याने दरवेळी हसण्यावारी नेलं होतं.

दार एका तरुण मुलीने उघडलं. तिचे हात मऊ नव्हते, कांदा चिरता चिरता उठून आली होती. पण मागच्या खिडकीला अस्तर लावलेले दुहेरी पडदे होते, आणि त्या कापडाचा भाव बायकोला पाठ होता.

"घरचे मालक आहेत?" बायकोने विचारलं.

"संध्याकाळी येतील. आपण कोण?"

"तुझ्या दारावर ज्याचं नाव आहे ना, त्याची बायको."

मुलगी गोंधळली. "ताई, तुमची काहीतरी चूक होतेय. त्यांची बायको मी आहे." आत जाऊन तिने भिंतीवरची तसबीर काढून आणली. तसबिरीत तिच्या शेजारी एक कुरळ्या केसांचा, गालावर खळी पडणारा माणूस होता. बायकोने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

इतक्या दिवसांची आग क्षणात विझली. तिने आपल्या मोबाइलवरचा नवऱ्याचा फोटो दाखवला. छातीवर कंपनीचं ओळखपत्र होतं आणि त्यावर पाटीवरचंच नाव. मुलीने ते दोनदा वाचलं.

"हे जर ते असतील," ती म्हणाली, "तर माझा कोण?"

बायकोने तिथूनच नवऱ्याला बोलावून घेतलं. तो हत्यारांच्या पिशवीसकट आला. तसबिरीतला माणूस त्याने लगेच ओळखला. मागे घर बदललं तेव्हा दलालाच्या ऑफिसात हाच कारकून होता. ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, पगाराची पावती, सह्या, सगळं त्याच्याच हातात दिलं होतं. कागद परत मागायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढचे दिवस पोलीस ठाणं आणि बँकेत गेले. बँकेतल्या अधिकारी बाईंनी नवऱ्याचा क्रेडिट रिपोर्ट काढून समोर ठेवला. घेतलेलं एकही कर्ज त्याचं नव्हतं, थकलेले हप्ते मात्र त्याच्या नावावर होते. "हा रिपोर्ट अधूनमधून पाहिला असता तर पहिल्याच कर्जाला कळलं असतं," बाई म्हणाल्या. "झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी आणि कोणाला देताय ते लिहा. ओटीपी घरच्यांनाही सांगू नका." त्यांनी लेखी तक्रारी करायला लावल्या आणि नवीन कर्ज निघू नये म्हणून त्याच्या नावाला कुलूप घातलं. कारकून सापडला, तेव्हा त्याच्या खिशात तिसऱ्याच कोणाचं ओळखपत्र होतं. साक्ष त्या मुलीनेच दिली आणि ती माहेरी निघून गेली. नावावरचा डाग पुसायला मात्र बरेच महिने लागले.

"मला सरळ विचारलं का नाहीस?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. चोर असता तरी नाहीच म्हणाला असता."

तो हसला. "माझ्यावर कोणी भाळेल, असं वाटलं तरी कसं तुला?"

ती हसली नाही. साक्षीच्या दिवशी बाकावर बसून ती मुलगी रडत रडत जे सांगत होती, ते तिच्या मनातून जात नव्हतं. तो लबाड माणूस तिला रोज सकाळी उठवायच्या आधी चहा करायचा. तिच्या पायात चमक भरली, तेव्हा तिला पाठीवर घेऊन जिना चढला होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या नावाच्या माणसाने तिचे फार लाड केले हो," ती म्हणाली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला, कुठेतरी लिफ्ट बंद पडली होती. तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"जा," ती म्हणाली. "लोक अडकलेत."