ठमाआत्याचं तेल आणि माझे ब्रेक

जुनी म्हणा मित्रांनो, पण म्हातारी म्हणायचं काम नाही. मी डोंगरात चालणारी गिअरची सायकल आहे आणि अजूनही कुडपणचा घाट चढताना माझी साखळी कुरकुरत नाही. श्रुतिका कुरकुरते, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं मला फक्त ओल्या रंगाचा वास आठवतो. खरं आयुष्य सुरू झालं महाडात, अश्विनच्या घरी. हा अश्विन एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरीला. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! रविवार उजाडला की आम्ही पाचाडला. तिथं पिठलं-भाकरी खायची आणि फोटो काढायचा. फोटोत मी पुढे, अश्विन माझ्या मागे आणि रायगड त्याच्याही मागे. मग पावसाळा आला, अश्विनचा उत्साह भिजला आणि मी गेले गॅलरीत. माझ्या हँडलवर टॉवेल वाळायला लागले. एकदा तर सीटवर ताट ठेवून त्यात पापड घातले होते. गिअरच्या सायकलीवर पापड! मला इतका राग आला होता, पण सायकलीच्या रागाला विचारतो कोण?

अश्विनच्याच कंपनीत श्रुतिका लॅबमध्ये काम करायची. एकदा घरी आली, तर तिची नजर माझ्यावर पडली.

"अरे, हिचे काय हाल केलेस तू?" ती म्हणाली.

"तूच घेऊन जा बाई. माझी अडगळ तरी कमी होईल," अश्विन म्हणाला.

अडगळ! असो. त्या शब्दाबद्दल मी त्याला माफ केलं, कारण त्याच शब्दामुळे मी सुटले.

श्रुतिकाचे आईवडील मुंबईला. ही मात्र कुडपणला ठमाआत्याजवळ वाढली. आत्याला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे सगळा जीव हिच्यात. आता नोकरीसाठी पोर महाडला खोली घेऊन राहायची आणि सुट्टी लागली की मला घेऊन पोलादपूरमार्गे घाट चढून आत्याकडे जायची. आत्या आधी तिच्या डोक्यावरच्या हेल्मेटला हसायची. "काय गो, ही टोपली घालून आलीस? शेण भरायला जायचंय काय?" आणि मग मला हात लावून म्हणायची, "दमली असंल बिचारी." मित्रांनो, चढ श्रुतिका चढायची, पण दमल्याचं कौतुक माझं व्हायचं. मला आत्या तेव्हापासूनच आवडली.

त्या वर्षी आम्ही दसऱ्याला गेलो. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आत्याने कोयता, विळा, कुदळ घासून अंगणात मांडली. श्रुतिका झेंडू आणायला वाडीत गेली होती. आत्याची नजर माझ्याकडे वळली. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा मी खूश झाले. मग ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली.

आता थोडं समजून घ्या. माझ्या दोन्ही चाकांच्या मधोमध लोखंडी चकत्या आहेत. ब्रेक दाबला की पॅड दोन्ही बाजूंनी चकतीला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. ही चकती कोरडी ठणठणीत लागते. तिला तेलाचं बोट जरी लागलं, तरी पॅड घसरतात.

आत्याने बोट नाही लावलं, हात माखला. "लोकंड सुकं ठेवू नये गो बाय, गंज चढतो," असं मलाच समजावत तिने दोन्ही चकत्या अशा चोळल्या की त्यात तोंड दिसावं. कोयत्याला करते, तेच तिने मला केलं. प्रेमाने केलं. वर हळदकुंकू वाहिलं, आणि श्रुतिका आल्यावर झेंडूचा हारही घातला. मी आतून ओरडत होते. पण घंटी वाजवायलासुद्धा मला माणसाचा अंगठा लागतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुतिकाला कामावर परतायचं होतं. एरवी ही पोर निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून मला पुढे-मागे ढकलून बघायची. त्या दिवशी नाही बघितलं. हार घातलेल्या सायकलीचे फोटो काढण्यात, नाचणीच्या भाकऱ्या बॅगेत कोंबण्यात वेळ गेला. ती निघाली तर हेल्मेटचा पट्टाही लोंबत होता. आत्याने तिला थांबवलं. "ती टोपली नीट बांध आधी. घालायची तर धड घाल." आणि स्वतःच्या हाताने तिने तो पट्टा हनुवटीखाली आवळला.

गावाबाहेरचा सपाट रस्ता संपला आणि उतार लागला. श्रुतिकाने ब्रेक दाबला. पॅड चकतीवरून निसटले. तिने पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. मी नुसती कुईं कुईं करत पळत राहिले.

"अगं थांब ना! थांब!" ती मला म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा माझी जी अवस्था झाली, ती वैऱ्याच्याही सायकलीची होऊ नये. समोर वळण, डावीकडे दरी, आणि वळणापलीकडून जीपचा हॉर्न. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. माझ्यामुळेच ही पोर जाणार, असं मला वाटलं.

पण श्रुतिका घाबरूनही डोकं गमावणारी नव्हे. तिने अंग मागे टाकलं आणि मला दरीपासून वळवून उजवीकडे डोंगराच्या अंगाला घातलं. तिथं कंबरभर गवत माजलं होतं. गवतातून, चरातून आम्ही धडधडत गेलो आणि बांधावर आपटलो. मी एकीकडे, ती एकीकडे. तिचं डोकं दगडावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. माझं पुढचं चाक नुसतं फिरत होतं. ती हलेना.

जीप थांबली. गावातलाच धोंडू धावत आला. "श्रुतिका? ए पोरी! काय झालं गो? बोल की!"

गवत हललं. "काका... मी बरी आहे. ओरडू नका."

हुश्श! मित्रांनो, माझ्या जिवात जीव आला. दगडावर आपटलं होतं ते हेल्मेट. त्याला आडवी भेग गेली होती आणि पोरीच्या कपाळावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. कोपर तेवढं सोलवटलं होतं.

धोंडूने आम्हा दोघींना जीपमधून परत आत्याच्या अंगणात आणलं. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कशी पडलीस गो? गाडीनं उडवलं काय?"

श्रुतिका माझी चकती चाचपत होती. तिने बोटाचा वास घेतला आणि खोबरेल ओळखलं. सांगितलं तर आत्या मोडून जाईल आणि नाही सांगितलं तर पुढच्या दसऱ्याला हेच होईल. शेवटी तिने आत्याचा हात धरला.

"आत्या, ह्या चकतीला तेल चालत नाही. तेल लागलं की ब्रेक लागत नाही."

आत्याने हात सोडवून घेतला. "म्हंजे मीच मारत होते गो तुला?"

"तू तेल लावलंस, खरंय. पण पट्टा कुणी आवळला? तो लोंबत असता तर हेल्मेट कुठल्या कुठे उडालं असतं. आता रडू नको. मी आहे ना समोर?"

दोघी गळ्यात पडून रडल्या आणि मग हसल्याही. महाडच्या चंदूमिस्त्रीने माझ्या चकत्या स्पिरिटने लखलखीत पुसल्या आणि नवे पॅड घातले. श्रुतिकाने नवं हेल्मेट आणलं, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालत नाहीत. जुन्यात आत्या आता लसूण ठेवते.

त्यानंतर आम्ही पहिल्यांदा कुडपणहून निघालो, तेव्हा आत्या आडवी आली. "थांब. ब्रेक कसा बघायचा ते मला दाखव." श्रुतिकाने ब्रेक दाबून धरले. आत्याने पदर खोचला, माझ्या सीटला हात लावला आणि शेतात नांगर रेटावा तसं मला रेटलं. मी हलले नाही. तिने पुन्हा सगळा भार टाकला. मी तसूभरही हलले नाही.

"हलत नाय गो!" आत्या धापा टाकत म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय हलत! जा आता."

मित्रांनो, पाचाडला माझे एवढे फोटो निघाले, पण मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तुमचीही सायकल असेल. तिला पुसा, पुजा, हार घाला, साखळीला तिचं तेल द्या. पण उतारावर जाण्याआधी एकदा ब्रेक दाबून तिला ढकलून बघा. आम्हाला बोलता येत नाही हो.