पाचव्या पायरीवर वाचलेल्या कादंबऱ्या

मी शिडी आहे, मित्रांनो. जुनी आहे, सागवानी आहे, नऊ पायऱ्यांची आहे आणि अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात जेवढ्या शिड्या असतील, त्यांत सगळ्यात जास्त कादंबऱ्या माझ्याच अंगाखांद्यावर वाचल्या गेल्या आहेत. फुशारकी वाटली? वाटू दे! एखाद्या दुसऱ्या शिडीचा दावा असेल तर तिनं समोर येऊन सांगावं.

माझा जन्म पिशोरचा. तिथल्या धोंडिबा मिस्त्रींनी मला घडवलं. आठ पायऱ्या अगदी सारख्या झाल्या आणि एका पायरीला लाकूड कमी पडलं. मग त्यांनी तिथं चक्क कपाटाची उरलेली फळी ठोकून दिली. म्हणून माझी पाचवी पायरी बाकीच्यांपेक्षा चांगली चार बोटं रुंद आहे. "दिसायला येडीवाकडी झाली, पण बसायला बरी," असं म्हणत त्यांनी माझ्यावर थाप मारली. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. शिडीवर कुणी बसतं का?

बसतं! औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत रत्नमालाताईंचं पुस्तकांचं दुकान आहे. मी तिथं आले तेव्हा ताई बावीस वर्षांच्या होत्या आणि दुकान बावीस दिवसांचं. गाइडं, वह्या, प्रश्नसंच खाली, हाताशी. कादंबऱ्या मात्र वर, पार छतापर्यंत. म्हणजे गाइड मागितलं की मला कुणी विचारत नसे, आणि कादंबरी मागितली की मी लागायचेच. आता सांगा, माझा जीव कुणावर जडणार?

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. विश्वजीत सर म्हणून एक शिक्षक आले. त्यांनी एक नवी कादंबरी मागितली. ताई चढल्या, पुस्तक काढलं, सहज पहिलं पान उघडलं आणि पाचव्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

"अहो ताई, मी पुस्तक मागितलं. तुम्ही तर वर मुक्कामच ठोकला!"

"एवढं प्रकरण होऊ द्या, सर."

"फुलंब्रीची बस जाईल ना माझी!"

"जाऊ द्या. इथं तिघी बहिणी आहेत, कारखान्यात तीन पाळ्यांना. एकीची पाळी सुटते तेव्हा दुसरीची लागते. एका घरात राहतात आणि महिना महिना एकमेकींचं तोंड बघत नाहीत. फ्रिजवर चिठ्ठ्या लावतात."

सर खाली गठ्ठ्यावर बसत म्हणाले, "मोठ्यानं वाचा मग. मला खाली ऐकू येऊ द्या."

ती बस गेली. तिच्या मागची पण गेली.

कादंबरी संपली तेव्हा ताईंनी अंबाड्यात खोचलेलं बॉलपेन काढलं आणि माझ्या डाव्या दांड्यावर लिहिलं : "तीन पाळ्या, तीन बहिणी. पाय बधिर झाले, कळलंच नाही."

सर म्हणाले, "अहो, पण कादंबरीचं नाव?"

"नाव काय, मुखपृष्ठावर असतंच की! मला काय झालं ते कुठं छापलेलं असतं?"

तेव्हापासून हा रिवाजच पडला. ताई वाचल्याशिवाय कादंबरी विकत नसत आणि आवडली की माझ्यावर एक ओळ यायची. डावा दांडा भरला, मग उजवा. "नायिकेचा राग आला. तीन दिवसांनी कळलं, राग माझा मलाच आला होता." "हसताना वरून पडता पडता वाचले." "शेवटचं पान उद्यासाठी ठेवलं, मग राहवेना." कुणी विचारलं, "ताई, काहीतरी चांगलं द्या ना," की त्या मान वाकडी करून माझ्यावरच्या ओळी वाचून दाखवायच्या. गिऱ्हाईक बोट ठेवून म्हणायचं, "ही द्या!" नाव कुठंच नाही, पण ओळ पाहिली की कोणती कादंबरी ते ताईंना बरोब्बर आठवायचं.

मला अक्षरं कळायच्या आधी पाय कळायला लागले. गोष्ट रंगली की ताईंच्या टाचा उचलल्या जातात. गोष्टीत कुणी खोटं बोलणार असलं की अंगठा आवळतो. आणि दहाव्या पानालाच पाय हलायला लागला तर समजा, त्या कादंबरीची ओळ होत नाही.

मधे वाईट दिवसही आले. लोक फोनवरूनच पुस्तकं मागवायला लागले. परीक्षांच्या हंगामात माझ्या पायऱ्यांवर गाइडांचे गठ्ठे, वर कुणाची तरी ओली छत्री. महिनोन्‌महिने मला कुणी भिंतीपासून हलवत नसे. तरी ताई दुकान बंद करायच्या आधी गठ्ठे बाजूला सारून पाचव्या पायरीवर बसायच्याच. मी मनात म्हणायचे, बाकी कुणी नाही आलं तरी चालेल.

आणि मग ह्या वर्षी दिवाळीआधी ताईंनी दुकान रंगवायला काढलं.

पुस्तकं खाली उतरवून मधोमध रचली, वर चादरी टाकल्या. सांडू पेंटर आले. पिकलेल्या मिशांचे, कानाला मफलर, कामाला वाघ. ताईंना त्या दिवशी करमाडच्या शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन लावायचं होतं. निघता निघता म्हणाल्या, "सांडूभाऊ, दुकानात जेवढं म्हणून लाकूड आहे, तेवढं सगळं घासून घ्या. एक पण सोडू नका!"

आणि गेल्या. मित्रांनो, मी लाकडाची आहे हेच त्या विसरल्या होत्या! इतकी वर्षं त्यांनी मला वही समजलं, आणि वहीला कुणी लाकूड म्हणतं का?

सांडूभाऊंनी मला आडवी पाडली. पॉलिश पेपर घेतला. डाव्या दांड्यापासून सुरुवात. खर्र, खर्र. तीन बहिणी गेल्या. नायिकेचा राग गेला. मी ओरडत होते, पण शिडीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? (तुमच्याशी बोलतेय ते लेखी आहे.) ह्या ओळींची दुसरी प्रत कुठंच नव्हती. अख्खा डावा दांडा, अकरा कादंबऱ्या, भुसा होऊन फरशीवर पडल्या.

मग ते उजवीकडे वळले. पेपर टेकवला आणि थांबले. ओठ हलवत वाचायला लागले :

"बापाला वाचता येत नाही. पोरगी त्याला पत्र वाचून दाखवते आणि वाचताना मजकूर बदलते. मी पायरीवर बसून रडले. गिऱ्हाईक बिचारं वापस गेलं."

सांडूभाऊंनी परत वाचलं. मग इकडंतिकडं पाहिलं आणि मलाच विचारलं, "काय बदललं गं तिनं?"

मला माहीत होतं! पण सांगणार कशी? त्यांनी पॉलिश पेपर खिशात घातला, मला उचलून भिंतीला लावलं आणि कपाटांचं काम घेतलं. अधूनमधून यायचे, तीच ओळ बघायचे, जायचे.

दिवेलागणीला ताई आल्या. दारातच थबकल्या. माझा डावा दांडा नवा कोरा, गोरापान झालेला.

"ताई, तुमीच म्हनल्या ना, समदं लाकूड म्हनून…"

ताईंनी दांड्यावरून हात फिरवला. बराच वेळ. "म्हणाले खरी. चूक माझीच आहे, भाऊ."

"एकच बाजू गेली. दुसऱ्या बाजूला हात नाय लावला मी." मग त्यांना राहवेना. "पर एक सांगा. त्या पोरीनं पत्रात काय बदललं?"

ताईंनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते आणि त्यातच हसू फुटलं. "नाही सांगणार."

"असं कसं? दिवसभर डोक्यात तेच हाय माझ्या!"

"म्हणून तर नाही सांगणार." त्यांनी चादर बाजूला केली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि ती कादंबरी काढून सांडूभाऊंच्या हातात दिली. "घ्या. वाचा."

"लई जाड हाय हो."

"पहिला हात वाळेपर्यंत काय करणार आहात?"

रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत, दुसरा हात वाळेपर्यंत सांडूभाऊ पाचव्या पायरीवर बसून वाचत राहिले. टाचा उचललेल्या! त्या दिवशी पुस्तक काढायला माझा उपयोग झाला नव्हता, पण मित्रांनो, ते वाचायला लावलं मीच. उभं आयुष्य लोकांना कादंबरीपर्यंत चढवलं होतं. ह्या वेळी कादंबरीच खाली आणली.

पुसल्या गेलेल्या अकरा ओळी ताईंनी आठवून पाहिल्या. सात कादंबऱ्या आठवल्या, चार काही केल्या आठवेनात. मला वाटलं, आता त्या सात ओळी परत लिहितील. पण नाही. म्हणाल्या, "ते बावीस वर्षांच्या रत्नमालेला झालं होतं. आता परत वाचते. बघू काय होतंय." आणि पहिल्यापासून सुरुवात केली, त्या तीन बहिणींपासून. राहिलेल्या चार, त्या म्हणतात, वाचताना कुठंतरी भेटतील, तेव्हा ओळखीन.

कोऱ्या दांड्यावर पहिली ओळ मात्र त्यांची नाही. काम संपलं त्या दुपारी सांडूभाऊ बारीक ब्रश घेऊन आले. लाजत म्हणाले, "ताई, एक ओळ मी टाकू का?"

"पुस्तक संपलं का?"

"संपलं."

"मग टाका की!"

त्यांनी तपकिरी रंगात, एकेक अक्षर जपून काढलं : "जेवायचं ध्यानातच नाय राह्यलं. डबा तसाच वापस नेला. बायको म्हनली, बरं नाय का तुमाला?"

ताई इतक्या हसल्या की मी हलले.

म्हणून सांगते, मित्रांनो आणि मैत्रिणींनो, घरात दिवाळीची साफसफाई निघाली, की जुनी फळी असो, डब्याचं झाकण असो, कपाटाच्या दाराची आतली बाजू असो, घासायच्या आधी एकदा वाचून बघा. तिथं कुणाला तरी काहीतरी झालेलं असतं, आणि ते दुसरीकडं कुठंच छापलेलं नसतं. आणि औरंगपुऱ्यात आलात तर मला भेटा. डाव्या दांड्यावर अजून लई जागा आहे. फक्त चप्पल काढून चढा, आणि कादंबरी पूर्ण वाचूनच लिहा. दोन पानं वाचून "छान आहे" लिहायला येणाऱ्यांना मी पाचव्या पायरीपर्यंत पोचू देत नाही!