रांगेतली जागा

शैलेंद्र नागपूरचा, मेटलर्जीत पीएचडी करणारा, माझा रूममेट. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातले बाकीचे देशी शनिवारी लाँड्री उरकून पत्ते कुटत बसायचे. हा पठ्ठ्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये पत्रा ठोकत बसायचा. म्हणे, रोमन सैनिकाचं चिलखत! आवाजाची तक्रार मात्र माझ्याकडे यायची, कारण लीजवर नाव माझं.

१९८६ सालची गोष्ट. हौशी अमेरिकनांचा एक ग्रुप होता. सुट्टीच्या दिवशी पार्कात तंबू ठोकायचे, लोकांना रोमन स्वयंपाक दाखवायचा आणि दुपारी लुटुपुटूची लढाई करायची. त्यांचा नायक वॉल्ट एरवी हायस्कुलात लॅटिन शिकवायचा. त्याला सगळे सेंच्युरियन म्हणत, म्हणजे शंभरांचा नायक. हाताखाली माणसं जेमतेम पंधरा. या लोकांनी शैलेंद्रला दोन उन्हाळे शत्रूच्या बाजूला उभं केलं. त्याचा रंग बघून दुसरं काही त्यांना सुचलंच नाही. पडद्याच्या कापडाचा झगा घालून हा दर वेळी मरायचा. रोमच्या फौजेत सीरियाचे, आफ्रिकेचेही लोक होते, हे त्यानं पुस्तकं दाखवून पटवलं, तेव्हा कुठे वॉल्ट म्हणाला, "चिलखत स्वतः बनव. एक लढाई आमच्या रांगेत उभा राहा. जमलं तर कायमचा."

ती लढाई एका रविवारी होती. गाडी माझी, म्हणून मलाही जावं लागलं. मला या प्रकाराचा मनापासून वैताग होता. एवढं सातासमुद्रापार यायचं आणि डोक्यावर पितळी टोपलं घालून दुसऱ्यांच्या पूर्वजांची सोंगं काढायची!

"यार, तुझा थिसिस रखडलाय," मी ड्राइव्ह करता करता म्हटलं. "हे कशाला?"

"मला एकदा त्या रांगेत उभं राहायचंय, प्रसन्न." एवढंच बोलला.

लढाईचा नियम सोपा होता. ढालीला ढाल लावून रांगेनं पुढे सरकायचं. शत्रू पडला की तो पडेल तिथेच राहणार, आपण त्याला ओलांडायचं. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की ढाल खाली येते आणि रांग फुटते. वॉल्टनं हे तीनतीनदा बजावलं.

रांग निघाली. खरं सांगतो, शैलेंद्र शोभत होता. त्याच्या चिलखतापुढे बाकीच्यांची डबडी वाटत होती. ठरल्याप्रमाणे शत्रूतला एडी नावाचा जाडजूड पोस्टमन ओरडत पडला, नेमका शैलेंद्रच्या पुढ्यात. त्याला ओलांडताना शैलेंद्रचा पाय त्याच्या डोक्याला लागला.

शैलेंद्र थांबला. तलवार टाकून वाकला, एडीच्या खांद्याला हात लावला आणि तो हात छातीशी नेला.

तेवढ्यात रांगेला दाराएवढी फट पडली. शत्रूंना खरं तर हरायचं होतं, पण धावत आलेली माणसं थांबतात कुठली? ते थेट आत घुसले. रोमन एकमेकांवर कोसळले. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या.

नंतर वॉल्ट तंबूपाशी आला. "पाय घसरला ना तुझा?" त्यानं विचारलं. बिचाऱ्यानं उत्तर स्वतःच हातात आणून दिलं होतं. हो म्हण बाबा, मी मनात म्हणत होतो.

"नाही," शैलेंद्र म्हणाला. "माझा पाय त्याला लागला. आमच्याकडे पाय लागला की नमस्कार करतात."

"तो मेलेला होता!"

"हो."

"बरं. पुन्हा होणार नाही, एवढं सांग. मग विषय संपला."

शैलेंद्रनं शिरस्त्राण काढून हातात घेतलं. "तसं सांगता येणार नाही. मी ठरवून नाही केलं. ते होऊन जातं."

वॉल्ट काही वाईट माणूस नव्हता. त्यानं शैलेंद्रच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या वेळी झगा घेऊन ये," म्हणाला आणि निघून गेला.

मला फार वाईट वाटलं. वर्षभर त्या पत्र्याची टिंगल केली होती. शैलेंद्रनं चिलखत उतरवून डिकीत ठेवलं. शिरस्त्राण तेवढं पुढच्या दोन सीटांच्या मधे ठेवलं आणि तो काचेबाहेर बघत बसला.

मी गाडीत बसायला गेलो तर माझा बूट त्या शिरस्त्राणाला लागला. मी वाकलो, त्याला हात लावला, हात छातीशी नेला आणि किल्ली फिरवली.

शैलेंद्र माझ्याकडे बघत होता.

"तुलाही घेणार नाहीत रे," तो म्हणाला.