कुंताबाईंच्या पायाची पट्टी

टर्रर्र! दुपारच्या शांत घरात लुगडं फाटलं आणि माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एकोडी गावच्या कुंताबाईंची जुनी सुती पट्टी. त्यांची सून रीना मला उकळून, उन्हात वाळवून घडी घालायची. विळ्याने कापलेलं बोट असो की नातीचं, तृप्तीचं, फुटलेलं ढोपर, या घरात माझ्यावाचून कुणाचं भागत नसे.

मग कुंताबाईंच्या अंगठ्याखाली जखम झाली. साखरेच्या आजाराने तळवा सुन्न. काटा रुतला तो कळलाच नाही. रोज मीच तिथे होते. पण भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मला चिमट्याने बाजूला केलं आणि माझ्या जागी ती बसली. फोमची नवी पट्टी, गुबगुबीत! जखमेचं पाणी शोषते, निघताना चिकटत नाही म्हणे.

"तीन दिवस सोडू नका, पाय ओला करू नका. नाहीतर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर बजावत होते. मी मात्र तिच्याकडेच बघत होते. मेली तीन दिवस मुक्काम करणार, आणि मी पिशवीत!

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. शेतातल्या चिखलाच्या बांधीत रोपांची पहिली मूठ घरच्या थोरल्या बाईने लावायची, अशी या घरची रीत.

"आई, यंदा मले लावू द्या," रीना म्हणाली.

"काहून? मी मेली का?"

रीना शेतावर पुढे गेली तशी कुंताबाईंनी नवी पट्टी हळूच सोडली. "एवढी महागाची, चिखलात खराब होऊन जाईन," म्हणत डब्यात ठेवली आणि मला बांधलं. किती फुगले मी! डब्याकडे बघून हसलेसुद्धा.

कुंताबाईंनी बांधीत उतरून पहिली मूठ लावली. चिखलाचं पाणी मीच प्यायले, मीच जखमेपर्यंत नेलं. वाळले तशी घट्ट चिकटले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सबाईंनी मला ओढलं, तर नवं धरलेलं मांस माझ्यासोबत आलं. कुंताबाईंना काहीच कळलं नाही. रीना रडली.

मग पुन्हा ती. तीन महिने खाट, औषधं, दर तीन दिवसांनी ती. अंगठा वाचला. मला ती अजून आवडत नाही. पण मित्रांनो, घरात कुणाचा पाय सुन्न असेल तर तळवा रोज बघा, आणि तिला तिचं काम करू द्या.

रीनाने मला खळखळ उकळलं, पण जखमेला पुन्हा लावलं नाही. आता मी परसात वालाचा वेल धरून आहे. आज तृप्ती पाणी घालायला आली, माझी गाठ चाचपली आणि म्हणाली, "तू त तिथंच होती ना? डॉक्टर बोलले ते तुनं बी आयकलं. मंग आजीनं तुले बांधलं तवा चूप काहून होती?"