विहिरीला आलेलं पाणी

धाकटी सिस्टर मिरचीला दारं धरून उभी होती. पाटातलं पाणी एकाएकी बारीक झालं आणि मग थांबलंच. तिनं फावडं टाकलं आणि बोअरपाशी धावली. स्टार्टरच्या पेटीतून जळका वास येत होता.

मिस्त्री आला, पेटी उघडून बघितली आणि मान हलवली. "मोटर जळाली. वर काढून शहरात न्यावी लागेल. आठवडा तरी धरा."

"आठवडाभर मुलींनी काय करायचं?" धाकटीनं विचारलं.

"शेजारधर्म असतो की, सिस्टर. मागा कुणाकडं तरी."

टेकडीच्या उतारावर या सिस्टरांचं कॉन्व्हेंट. दवाखाना थोरल्या सिस्टर बघायच्या. मळा आणि वसतिगृहातल्या मुली धाकटीकडं. शिवाय पाण्याचं आंदोलनही तिनंच उभं केलेलं. ओढ्यापलीकडं बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला आणि गावाच्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. तेव्हा धाकटीनं घरोघरी जाऊन बायका गोळा केल्या. दर आठवड्याला कारखान्याच्या फाटकासमोर ठिय्या. तिच्या शेजारी, अगदी पहिल्या रांगेत, भाजीवाली बसायची.

भाजीवालीचा तुकडा कॉन्व्हेंटच्या कुंपणाला लागूनच, खालच्या अंगाला. वांगी, भेंडी, थोडा पालक. तिच्या विहिरीत मात्र तळाला झिरपेल तेवढंच पाणी. नवरा खाली उतरून वाटीनं पाणी भरायचा आणि ती वर बादली ओढायची. नवऱ्याला सगळे अबोल्या म्हणायचे. दिवसाला चार शब्द बोलला तरी भाजीवाली विचारायची, "आज काय पंचायतीत निवडून आलास का?"

मोटर गेल्यावर तीन-चार दिवस मुलींनी ओढ्यातून गढूळ पाणी आणलं. मग धाकटी घागर घेऊन भाजीवालीकडं गेली. तिच्याकडं पाणी नसणार हे ठाऊक होतं. वरच्या वस्तीवर कुणाकडं मिळेल, एवढंच विचारायचं होतं.

भाजीवाली तिला बघताच हातातली वांगी टाकून धावत आली. दंडाला धरून विहिरीपाशी घेऊन गेली.

"वाकून बघा, सिस्टर."

धाकटीनं बघितलं. खाली पाणी चमकत होतं. अबोल्या ज्या कपारीवर उभा राहून वाटी बुडवायचा ती कपार बुडाली होती.

"कधी आलं?"

"तीन दिवस झाले. हळूहळू चढतंय. ही तुमची करणी. कारखानेवाला घाबरला बघा. उपसा बंद केला त्यानं. मी याला म्हटलं, सिस्टर आपल्या बाजूला आहेत तोवर भिऊ नकोस." तिनं पदरानं डोळे पुसले. मग धाकटीच्या हातातली घागर ओढून घेतली आणि भरून दिली.

सकाळीच ती कारखान्यावरून आली होती. फाटकापाशी ट्रक रांगेत उभे होते, बाटल्या भरल्या जात होत्या, आतली यंत्रं घरघरत होती. कारखान्याचा उपसा एक दिवसही थांबलेला नव्हता. थांबलं होतं ते एकच. कुंपणाच्या वरच्या अंगाचं, त्यांचं स्वतःचं बोअर.

घागर डोक्यावर घेऊन ती चढ चढली. वाटेत पाणी खांद्यावर सांडत होतं.

त्या दिवशी ती थोरल्या सिस्टरांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनाची समजूत घालत राहिली. हा योगायोग असेल. ओढ्याकाठच्या विहिरी तर कारखान्यानंच आटवल्यात, ते खोटं नाही. आता आपण आपलं नाव घेतलं तर कारखानेवाल्याला आयतं कोलीत मिळेल. बायका पांगतील. एका विहिरीपायी गावाचा लढा मोडायचा का? प्रार्थनेला बसली की हेच डोक्यात. मुलींना ती धडा द्यायची, जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं म्हणून. त्या आठवड्यात तिनं तो धडा टाळला.

मोटर आली. मिस्त्रीनं खाली सोडली, वायर जोडली आणि म्हणाला, "दाबा बटण." धाकटीनं कुंपणापलीकडं बघितलं. मुली बादल्या घेऊन उभ्या होत्या, मिरची सुकलेली होती. तिनं बटण दाबलं.

दोन दिवसांत भाजीवालीची कपार उघडी पडली. पाचव्या दिवशी तळ दिसला. भाजीवाली कुंपणावरून ओरडून सांगत होती, "सिस्टर, पुन्हा सुरू केला बघा मेल्यानं उपसा. आता सोडायचं नाही."

धाकटी वाफ्यात वाकली होती. तिनं मान वर केली नाही.

आणि अबोल्या उठला. आयुष्यात ज्यानं कुणाला अरे म्हटलं नाही, तो पहार खांद्यावर टाकून कारखान्याकडं गेला. कुणाला सांगितलं नाही, कुणाला बरोबर घेतलं नाही. ओढ्याच्या कडेनं कारखान्याचा मोठा पाइप जातो, त्यावर घाव घालत बसला. पाइप फुटला, पाण्याचा फवारा उडाला आणि पहारेकरी धावून आले. त्यांनी त्याला जो झोडपला तो काठ्या मोडेपर्यंत.

दुपारी पोलिसांनी त्याला कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात आणला. उजवा हात कोपराखाली लोंबत होता. थोरल्या सिस्टरांनी हात सरळ केला, फळ्या बांधल्या. अबोल्यानं दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. हवालदार दारात उभा होता. भाजीवाली बाहेरच्या बाकावर बसून एकच म्हणत होती, "कारखान्यानं माझं पाणी नेलं, आता माणूस नेला."

धाकटीनं थोरल्यांना औषधाच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. घागर, कपार, बटण, सगळं. थोरल्यांच्या हातात अजून कापूस होता.

"बोअर तिथं घ्यायचा हट्ट माझा होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा जागा दाखवणारा पाणाड्या म्हणाला होता, खालच्या विहिरीला बाधेल. मी म्हटलं, मुलींना पाणी हवंय, देव बघून घेईल." त्यांनी कापूस ठेवला. "जा, आधी तिला सांग. मी पोलिसांशी बोलते."

"तुम्ही चला ना बरोबर, सिस्टर."

"बोअर माझं. पण बटण तू दाबलंस."

धाकटी बाहेर आली आणि बाकावर भाजीवालीशेजारी बसली. भाजीवालीनं तिचा हात हातात घेतला. तो हात तसाच असू द्यावा असं धाकटीला वाटलं, म्हणून तिनं घाईनं बोलून टाकलं.

"तुमच्या विहिरीचं पाणी कारखान्यानं नेलेलं नाही. आमच्या बोअरनं नेलंय. मोटर जळाली म्हणून ते वर आलं होतं."

भाजीवालीनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"घागर भरून दिलीत त्या दिवशी."

"आणि मोटर परत कुणी चालू केली?"

"मी."

"कळल्यावर?"

"हो."

भाजीवालीनं आपला हात काढून घेतला. आवाज चढवला नाही. "मग त्याचा हात तू मोडलास," ती म्हणाली. उठली आणि नवऱ्याच्या खाटेपाशी जाऊन, दाराकडं पाठ करून बसली.

त्याच संध्याकाळी सिस्टरांनी मोटर वर काढली आणि बोअरचं तोंड बंद केलं. थोरल्यांनी ठाण्यात जाऊन सांगितलं, चूक आमची, माणसाला सोडा. अबोल्या जामिनावर सुटला, पण पाइप फोडल्याचा खटला काही टळला नाही. धाकटीनं गावात चावडीपुढं उभं राहून सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी थुंकलं. कारखान्याच्या मॅनेजरनं तर पुढचा महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला गाठून ऐकवलं, तुमच्या सिस्टरच पाणीचोर निघाल्या. ठिय्याला पूर्वी पन्नास-साठ बायका असायच्या. आता जेमतेम दहा-बारा यायच्या.

कॉन्व्हेंटचा मळा करपला. मुलींसाठी पाणी लांबून डोक्यावर आणायचं. भाजीवालीच्या विहिरीला पुन्हा पाणी चढलं होतं. उरलेल्या वेळात धाकटी तिथं जायची आणि बादल्या ओढायची. पहिल्या दिवशी भाजीवाली म्हणाली, "नको तुझी मदत." धाकटी ओढत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दोर पायात येतोय, पडशील." तिसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. धाकटीच्या तळव्यांना फोड आले, फुटले, मग घट्टे पडले. माफी तिनं चावडीपुढं एकदाच मागितली होती. पुन्हा मागायची म्हणजे समोरच्यावर ओझं टाकायचं, हे तिला कळलं होतं. अबोल्या बांधावर बसून हे सगळं बघायचा. एकदा त्यानं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. तिनं तो घेतला, पाणी प्यायली आणि पुन्हा दोर धरला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी ठिय्याला बसायला धाकटी फाटकापाशी गेली तर भाजीवाली आधीच येऊन बसली होती. शेजारी गळ्यात हात बांधलेला अबोल्या. धाकटी जवळ जायला निघाली तशी भाजीवालीनं हातानंच तिला दाखवलं, रांगेच्या दुसऱ्या टोकाला बस. धाकटी तिथं जाऊन बसली.

थोड्या वेळानं मॅनेजर बाहेर आला. भाजीवालीला बघून त्याला उकळ्या फुटल्या. "अहो बाई, तुमची विहीर तर या सिस्टरनं आटवली. तुम्ही आमच्या दारात काय बसलाय?"

"तिचं मी बघतेय," भाजीवाली म्हणाली. "रोज बघतेय. तू तुझा पंप बंद कर."

मॅनेजर आत गेला. ट्रक सुरू झाले, धूळ उडाली. धाकटीनं वळून रांगेच्या त्या टोकाकडं बघितलं. भाजीवाली तिच्याकडं बघत नव्हती. फाटकाकडं बघत होती. धाकटीनंही मग मान वळवली आणि फाटकाकडं बघत बसली.