सतरा नंबरची काठी

दार उघडलं तेव्हा मी आधी वहीला ओळखलं. निळं कव्हर, कोपऱ्यावर स्टोव्हचा जळका डाग. ती माझीच होती, चौतीस वर्षांपूर्वीची. ती हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीला मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम, मी संस्थेतून आलेय. पुढच्या महिन्यात बर्फावर जातेय, तुमच्याच तळावर."

मी तिला आत घेतलं, सोफ्यावरचे कागद बाजूला सारले, पाण्याचा ग्लास समोर ठेवला. तिने त्याला हातही लावला नाही. वही उघडून तिने माझ्यासमोर धरली.

बर्फ किती चढला, किती उतरला, हे मोजायला आम्ही तीस काठ्या रोवल्या होत्या. दर दहा दिवसांनी प्रत्येक काठी किती उघडी आहे ते मोजायचं आणि लिहायचं, एवढंच काम. एकोणतीस काठ्यांचे आकडे तसेच होते, दहा दिवसांनी एक. सतरा नंबरच्या काठीचे मात्र रोज दोन, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अख्खे चार मोसम. जादा मोजणी का केली ते लिहायचा शेजारचा 'कारण' हा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा.

"इतकी बारीक नोंद तेव्हा जगात कुणीच ठेवत नव्हतं," ती म्हणाली. "माझा सगळा प्रबंध या एका काठीवर उभा आहे. संचालक तर दर भाषणात तुमच्या दूरदृष्टीचं उदाहरण देतात."

"कोण, घड्याळ?"

ती गोंधळली. आताचे संचालक तेव्हा आमच्या तुकडीत होते आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तरी तोंड पाडून बसायचे, म्हणून आम्ही त्यांना घड्याळ म्हणायचो. हे ऐकून ती हसली. मी पण हसले. दूरदृष्टी म्हणे! डोंबलाची दूरदृष्टी.

ते दिवस डोळ्यांसमोर आले की मला अजून रॉकेलचा वास येतो. अकरा पुरुष आणि मी. चार तंबू, दोरीवर वाळत घातलेले मोजे, आणि चोहीकडे तव्यासारखा सपाट बर्फ. पुरुषांचं बरं होतं, तंबूच्या मागे वळले की काम झालं. मला दिलेला पोशाखही पुरुषाच्याच मापाचा, गळ्यापासून खाली एकच चेन. म्हणजे मला बसायचं तर निम्मं उघडं व्हायला लागायचं, उणे वीसमध्ये. त्या सगळ्या सपाटीवर आडोसा एकच होता, चारशे पावलांवरचा दगडांचा उंचवटा. त्याच्यामागे सतरा नंबरची काठी.

पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "कुठे निघालात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सतरा नंबर बघून येते." आता बोलले म्हटल्यावर काठी न बघता परत येणं काही मला जमेना. मी खोटी ठरले असते. म्हणून पट्टी लावली, आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही, उलट मी फार कामसू अशी ख्याती झाली.

दिवसाला दोनच फेऱ्या परवडायच्या, म्हणून पाणी तोडलं. दुपारी डोकं ठणकायचं, ओठ फुटायचे. पण खरं सांगते, त्या उंचवट्यामागची दहा मिनिटं मला आवडायची. तिथे कुणी नसायचं, वारा अडायचा, आणि बर्फ निळा दिसायचा. आयुष्यात इतकी माझी अशी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

ओळखलं होतं फक्त आचारीकाकांनी. एकदा वादळात मी परतताना वाट चुकले, अर्धा तास भटकले. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वयंपाकाच्या तंबूपासून थेट सतरा नंबरपर्यंत दोर बांधून टाकला. प्रमुखांनी विचारलं तर म्हणाले, "ताईंची काठी महत्त्वाची आहे साहेब." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. मी त्यांना साधं थँक्यूही म्हटलं नव्हतं, कारण म्हणायचं तर कशाबद्दल ते बोलावं लागलं असतं.

"पाणी घे ना," मी मुलीला म्हटलं. उन्हातून आली होती, ओठ सुकले होते.

"नको मॅडम. सवय करतेय."

"कसली?"

"सकाळी एक ग्लास, मग थेट संध्याकाळी. तिथे गेल्यावर त्रास नको." तिने वहीकडे बघत सांगितलं. "मी आडोशाचा एक छोटा तंबू मागितला होता. चार किलोचा. संचालकांनी सामानाच्या यादीतून काढून टाकला. म्हणाले, मॅडमनी चार मोसम काढले, एकदाही कुरकुर केली नाही."

ते वाक्य घड्याळाचं नव्हतंच. निरोपसमारंभात, हार गळ्यात असताना, मी स्वतःच म्हणाले होते, "चार मोसम काढले, पण कधी कुरकुर केली नाही." केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! मूतखड्याचं ऑपरेशन दोनदा झालं, ते काही भाषणात आलं नव्हतं.

मला माझाच राग आला. कोरा रकाना दिसला की मी विद्यार्थ्यांना फाडून खायची. माहीत असून न लिहिणं म्हणजे खोटं लिहिणंच, हे मी वर्गात टेबल आपटून सांगायची. आणि माझ्या वहीत चार मोसम कोरे.

"लाल पेन आहे?"

जुन्या नोंदीत नंतर काही घातलं तर वेगळ्या शाईने, तारखेसह, सहीसह, हा आमच्याकडचा नियम. मी चष्मा लावला आणि 'कारण'च्या खाली पहिल्याच ओळीत लिहिलं: 'तळावर बाईसाठी आडोसा नव्हता. या काठीमागे होता. दोनदा जावं लागे, म्हणून दोनदा मोजली. आकडे खरे आहेत.' खाली सही, आजची तारीख.

मुलीने वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

"मॅडम, हे छापावं लागेल. सगळे हसतील."

"हसू देत. आधी हे पान घड्याळासमोर ठेव आणि म्हणावं, यादी पुन्हा काढा. नाही ऐकलं तर मी स्वतः येते."

तिने ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला, आणि अजून मागितला. मी तांब्याच आणून ठेवला.

"बाथरूम पॅसेजच्या शेवटी आहे," मी म्हटलं. "कडी नीट लागते."